सहाशे सतरा अंकी कुलूप

मानवजातीच्या सगळ्या कुलपांना लागणारी एकच किल्ली ज्या दिवशी तयार झाली, त्या दिवशी एक युग संपलं आणि दुसरं सुरू झालं. यापुढे इतिहास त्या दिवसाच्या अलीकडचा आणि पलीकडचा असाच वाचला जाईल. हे वाक्य टोणपे सरांनी वाचलं तेव्हा त्या दिवसाला नऊ दिवस होऊन गेले होते, आणि ज्या वर्तमानपत्रात ते छापलं होतं त्याच्या तुकड्यात खारे दाणे बांधलेले होते. दाणे खवट निघाले. सरांनी बायकोला तसं सांगितलं, आणि नवं युग दाण्यांसकट कचऱ्याच्या बादलीत गेलं.

टोणपे सर म्हणजे अंबादास टोणपे. धामणखेडच्या शाळेत चौतीस वर्षं पाचवी-सहावीला गणित शिकवून ते निवृत्त झाले होते आणि गावात दोन गोष्टींसाठी ओळखले जात. पहिली म्हणजे अवयव पाडण्याचा धडा. एक्क्याण्णवला अवयवच नाहीत असं दरवर्षी कुणीतरी छातीठोकपणे सांगायचं, सर खिन्नपणे खिडकीबाहेर बघायचे, आणि मग सगळा वर्ग एका सुरात ‘तेरा सत्ते एक्क्याण्णव’ म्हणायचा. दुसरी म्हणजे समास. वहीच्या डाव्या बाजूला समास आखायचा आणि प्रत्येक ओळीआधी समासात क्रमांक घालायचा. क्रमांक नसेल तर उत्तर बरोबर असूनही अर्धा गुण जायचा. पोटच्या मुलीचाही गेला होता. सहावीच्या सहामाहीत रेवतीला शंभरपैकी साडेनव्याण्णव पडले, आणि पुढचे दोन दिवस ती वडिलांशी आईमार्फत बोलत होती.

ती रेवती आता मोठी होऊन बंगळुरूला, नव्या युगाची किल्ली ज्या मोजक्या खोल्यांत ठेवली होती त्यांतल्या एका खोलीत नोकरीला होती. त्यामुळे दाण्यांच्या कागदावर अर्धवट वाचलेलं युग सरांना फोनवरून नीट समजावून घेता आलं.

त्यातला निम्मा भाग सरांना समजावायची गरजच नव्हती. दोन संख्यांचा गुणाकार करणं म्हणजे चहात साखर घालणं. अवयव पाडणं म्हणजे चहातली साखर परत डब्यात भरणं. आपण चौतीस वर्षं मुलांना साखर काढायला शिकवत होतो, तेही फक्त छोट्या कपातून, हे सर जाणून होते. जगाची सगळी गुपितं याच एका अडचणीच्या भरवशावर चाललेली होती. दोन राक्षसी मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार चारचौघांत टांगून ठेवायचा, आणि त्या दोघींना मात्र तिजोरीत घालायचं. गुणाकार हे कुलूप, दोन अवयव ही किल्ली. कुलूप जगाला दिसतं, पण जगातले सगळे संगणक सूर्य विझेपर्यंत भागाकार करत बसले तरी किल्ली मिळत नाही.

सगळ्या कुलपांना लागणारी ती किल्ली म्हणजे एक नवं यंत्र, आणि त्याने भागाकार केलाच नाही. त्याने ठेका ऐकला. रेवतीने हे पंधरावर समजावलं. दोनाला दोनानेच गुणत जायचं, दर वेळी पंधराने भागायचं आणि फक्त बाकी लिहायची: दोन, चार, आठ, एक, पुन्हा दोन, चार, आठ, एक. दर चौथ्या मात्रेला सम. हा पंधराचा ठेका. चाराचे निम्मे दोन, म्हणून दोन वेळा दोन घेऊन चार. त्यातून एक वजा केला की तीन, एक मिळवला की पाच. तीन पाचे पंधरा. सहाशे अंकी संख्येलाही असाच ठेका असतो, पण तो इतका लांब की साध्या संगणकाला समेवर यायला विश्वाचं आयुष्य पुरत नाही. हे क्वांटम यंत्र मात्र मरणाच्या गारठ्यात बसून सगळ्या बाक्या एकाच वेळी एकमेकींवर सोडतं. ज्या ठेक्यात नाहीत त्या एकमेकींना पुसून टाकतात, आणि मागे उरतो तो ठेका. याला लागतात तीन सेकंद. हे सरांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, की मधल्या पायऱ्या लिहून दाखवतं का. नाही, असं रेवती म्हणाली. सर म्हणाले, मग अर्धा गुण कमी.

पुढच्या सहा महिन्यांत जगातल्या सह्या, दाखले आणि निरोप उघडे पडले. कोण कुणाबद्दल कुणाला काय म्हणालं होतं हे सगळ्यांनी वाचून काढलं, आणि धामणखेडात काही आठवडे विलक्षण शांतता नांदली. सहीची आणि आवाजाची नक्कल इतकी स्वस्त झाली की फोनवर आपण म्हणजे आपणच हे पटवणं कठीण झालं. लोक फोन उचलल्यावर ‘हॅलो’ऐवजी खुणेचा प्रश्न विचारू लागले.

शेवटी सरकारने अवयव प्रतिबंध कायदा आणला. यंत्रं ताब्यात घेतली किंवा मोहोरबंद परवान्यावर ठेवली, आणि तीन अंकांहून मोठ्या संख्येचे अवयव पाडणं हा सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा ठरला. यंत्राने पाडले की हाताने, याचा खुलासा करायला वेळ नव्हता. सल्लागार समितीवर अनुभवी शिक्षक म्हणून टोणपे सरांना बोलावलं होतं. सरांनी तासभर कडाडून विरोध केला. त्यांच्या भावनांचा आदर करून ९९९ची मर्यादा १००० करण्यात आली, आणि सरांनी सही केली.

कायदा लगेच लागू झाला. लग्नात बाराशे खुर्च्या चाळीसच्या तीस रांगांत मांडल्या म्हणून एका मांडववाल्याला पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवलं. तेव्हापासून धामणखेडात खुर्च्या ढिगाने टाकतात आणि पाहुणे आपापली ओढून घेतात. पाचवीच्या पुस्तकातला अवयवांचा धडा काढून तिथे ‘अंकांशी मैत्री’ हा धडा आला. त्यात नऊ हा अंक हसतो आहे असं चित्र आहे. सरांना वाईट वाटलं, पण आपण सही केली आहे हे ते विसरले नव्हते.

या सगळ्याचा आपल्या छातीतल्या पेसमेकरशी काही संबंध असेल हे मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते त्यांना डॉक्टर उन्हाळे यांनी सांगितलं. पेसमेकरची बॅटरी आहे त्या चालीने जेमतेम पाच महिने पुरणार होती. एरवी यात घाबरण्यासारखं काही नसे. डॉक्टरांनी छातीजवळ एक उपकरण धरायचं, चाल जरा मंद करण्याचा हुकूम द्यायचा, आणि तीच बॅटरी तीन वर्षं चालायची. पण पेसमेकर कुणाचाही हुकूम ऐकत नाही, नाहीतर रस्त्याने जाणारा कुणीही कुणाचंही हृदय थांबवेल. तो फक्त किल्ली असलेल्याचं ऐकतो. कुलपाचा आकडा, सहाशे सतरा अंकांचा, सरांच्या कार्डावर बारीक अक्षरांत छापलेला होता. किल्ली कंपनीकडे होती. ही कुलपं आता कुणीही उघडू शकतो असं कळल्यावर कंपनीला खटल्यांची भीती वाटली. तिने रुग्णांच्या सुरक्षेसाठी सगळ्या किल्ल्या वकिलांसमक्ष नष्ट केल्या, त्याचे फोटो काढले, आणि मग दुकान बंद केलं. नव्या तऱ्हेचं कुलूप असलेले पेसमेकर नुकते कुठे येऊ लागले होते. ते बसवून घ्यायला सगळं राज्य रांगेत होतं. सरांचा नंबर चौदा महिन्यांनी लागत होता.

“म्हणजे कुलूप कुणालाही उघडता येतं म्हणून यांनी किल्ली फेकली,” सर म्हणाले.

“हो.”

“आणि त्यामुळे आता ते कुणालाच उघडता येत नाही.”

“यंत्राला येतं ना. तीन सेकंदांचं काम,” डॉक्टर म्हणाले. “जिल्हा अवयव कक्षात अर्ज करा. असे अर्ज घेतात ते.” आणि काळजी करू नये म्हणून त्यांनी एक गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.

संगणकावरच्या कुठल्याच कागदावर आता कुणाचा विश्वास नसल्याने अर्ज हाताने, काळ्या शाईत, तीन प्रतींत लिहायचा होता. सरांच्या बायकोने, कुमुदताईंनी, भिंग घेतलं आणि कार्डावरचे अंक वीस-वीसच्या गटाने वाचायला सुरुवात केली. त्यांचं शिक्षण सहावीला थांबलं होतं, पण घरातल्या शिकवण्या तीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकल्यामुळे त्या आकड्यांना बिचकत नसत. सर लिहीत होते. एकतीस ओळी झाल्या. प्रत्येक अंक मोत्यासारखा, समास पट्टीने आखलेला, आणि समासात एक ते एकतीस क्रमांक. तिसरी प्रत पुरी झाल्यावर सरांनी कागद हातभर लांब धरून पाहिला. इतका देखणा अर्ज कुठल्याही कचेरीत गेला नसेल असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

त्याच दुपारी रेवतीचा फोन आला. आईने तिला आधीच सगळं सांगितलं होतं, हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं. सरांनी खुणेचा प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं, आणि मग तिने सरळ सांगितलं, की कार्डावरचा आकडा मला वाचून दाखवा. आज रात्रपाळीला मी एकटीच आहे. तीन सेकंद लागतील. कुणाला कळणार नाही.

सरांनी तिला आठवण करून दिली, की उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर बघून लिहायचं नाही, हे आपल्या घरात ठरलेलं आहे.

“बाबा, हे पुस्तक नाहीये.”

“तुला सात वर्षं आत काढावी लागतील. मला फार तर तीन वर्षं जास्त मिळतील. सातातून तीन गेले की चार उरतात, रेवती. हा व्यवहार चार वर्षांनी तोट्यात आहे.”

“कळणार नाही कुणाला, म्हटलं ना.”

“मला कळेल. पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

 मग तिने विचारलं, “कधीच नाही?”

“कधीच नाही,” सर म्हणाले. तिने फोन ठेवला.

कुमुदताई दारात उभ्या होत्या. त्या जन्मात कधी नवऱ्याला तोडून बोलल्या नव्हत्या, आताही आवाज चढवला नाही. “तेव्हा लेकीचा अर्धा गुण कापलात,” त्या म्हणाल्या, “आता उरलेले आपले कापताय.” आणि ताटं घ्यायला आत गेल्या.  आमटीत मीठ नव्हतं, ते सरांनी सांगितलं नाही.

अर्ज दाखल झाला. निकालाला तीन महिने लागतील असं कळलं. घरात बसून तीन महिने वाट पाहणं हा काय प्रकार असतो ते सरांना दोन दिवसांत समजलं. छातीवर हात ठेवला की आतला ठोका लागायचा, आणि प्रत्येक ठोका म्हणजे बॅटरीतून एक कमी, हे गणित आपोआप सुरू व्हायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून कोरी फुलस्केप वही काढली, समास आखला आणि कार्डावरचा आकडा उतरवून घेतला.

शेवटचा अंक विषम होता, तेव्हा दोनाने भाग जात नव्हता. पाचानेही नाही. तीनासाठी सगळ्या अंकांची बेरीज केली, ती आली दोन हजार सातशे सत्त्याहत्तर. तीनाने भागून बाकी दोन. मग सात आला. सातासाठी सरांनी सरळ भागाकार मांडला. सहाशे सतरा पायऱ्या. कुमुदताई भाजी निवडता निवडता बघत होत्या. दोनशेच्या आसपास सर अडखळले, तेव्हा त्या म्हणाल्या, हातचा विसरलात. आणि भाजीची पाटी बाजूला ठेवून त्यांनी दुसरी खुर्ची ओढली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. दुपारी जेवण झालं की पडदे ओढायचे, कारण कायदा होता, आणि दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकच भागाकार स्वतंत्रपणे करायचा. एकाची बाकी दुसऱ्याच्या बाकीशी जुळली तर ती मूळ संख्या बाद; नाही जुळली तर उद्या पुन्हा. अकरा झाला, तेरा झाला, सतरा झाला. कुमुदताईंच्या चुका सरांपेक्षा कमी निघत. लेकीला जी गोष्ट करू दिली नाही तीच तुम्ही करताय, असं त्यांनी एकदा सहज काढलं. सरांनी त्याचा विचार करून ठेवलेला होता. कायद्याने अवयव पाडायला बंदी आहे, ते म्हणाले, न पडायला नाही. आपले अजून एकदाही पडलेले नाहीत.

बेचाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं इतका वेळ समोरासमोर बसली नव्हती. सर शाळेत असत, नाहीतर शिकवणीत. एकोणतीसच्या भागाकारात कुमुदताईंनी सांगितलं, की लग्न ठरताना तुमचं अक्षर बघून मी होकार दिला होता. त्रेपन्नच्या भागाकारात सरांनी सांगितलं, की ते पत्र माझ्या थोरल्या भावाने लिहून दिलं होतं. त्या दिवशीच्या बाक्या काही जुळल्या नाहीत.

तीन महिने संपायला दोन दिवस असताना अवयव कक्षातून बोलावणं आलं. सर एकटेच गेले. टेबलामागे सुलक्षणा इंगोले होती, त्यांचीच विद्यार्थिनी, एकोणीस वर्षांमागच्या सहावीतली, तिसऱ्या बाकावरची. ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा निकाल लावणाऱ्या माणसाचा नव्हता, निकाल लागलेल्या मुलीसारखा होता.

“सर, तुमचं काम झालं,” ती म्हणाली. “इथे लोकांचे अवयव तीन-तीनशे अंकी निघतात, छापायला पानं पुरत नाहीत. तुमचा एका अंकात निघाला. साहेबांनी स्वतः बघितलं.”

तिने कागद पुढे केला. अर्जदाराचं नाव बरोबर होतं. संख्येतील अंक: ६७०. लहानात लहान अवयव: ३. प्रकरण निकाली.

सरांनी कागद दोनदा वाचला. सहाशे सत्तर वजा सहाशे सतरा, त्रेपन्न. एक ते नऊ क्रमांकांचे नऊ अंक, दहा ते एकतीस या बावीस क्रमांकांचे चव्वेचाळीस, एकूण त्रेपन्न. समासातले क्रमांक टंकणाऱ्याने संख्येतच धरले होते. सरांनी तिथेच उभ्या उभ्या समासाची बेरीज केली, एक ते एकतीसमधल्या सगळ्या अंकांची. एकशे बहात्तर. ती दोन हजार सातशे सत्त्याहत्तरमध्ये मिळवली. दोन हजार नऊशे एकोणपन्नास. तीनाने नि:शेष भाग जातो. यंत्राने बरोबर उत्तर काढलं होतं. गणित दुसरंच होतं.

त्यांनी ते सुलक्षणाला समजावून सांगितलं, शांतपणे, वर्गात सांगावं तसं. अर्ध्यातच तिला कळलं. तिने सरांचा मूळ अर्ज फाइलमधून काढला आणि पट्टीने आखलेल्या त्या समासाकडे ती बघत राहिली.

“मी तपासायला हवं होतं, सर. टंकायला ते कंत्राटावर देतात. पण तुमचं अक्षर बघितलं आणि डोळे झाकून पुढे पाठवलं. तुमच्या कागदात चूक कशी असेल?”

“चूक नाहीच आहे कागदात,” सर म्हणाले. “हीच तर अडचण आहे.”

ती कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. नियमात फेरतपासणीची सोय होती, पण ती यंत्राने चूक केली असेल तर. यंत्राने चूक केलेली नव्हती. नवा अर्ज करता येत होता, पण एका माणसाला दोन वर्षांत एकच संख्या, म्हणजे दोन वर्षांनी. सुलक्षणाने हे सांगताना नियमांची पुस्तिका उघडी धरली होती, जणू तिच्या मनाचं ती काही सांगत नाही याचा पुरावा म्हणून. साहेबांनी आणखी एक निरोप दिला होता, तो तिने सांगितला नाही, पण दार उघडं असल्याने सरांनी तो ऐकला होता. साहेब म्हणाले होते, की अवयव तर सापडला ना, मग माणूस नाराज का आहे?

सर घरी आले. कागद टेबलावर ठेवला. कुमुदताईंनी तो वाचला, अर्जाची घरी ठेवलेली प्रत काढली, आणि एक ते एकतीस क्रमांकांवरून बोट फिरवत खाली आल्या.  त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं असं सरांना फार वाटलं.

बॅटरीचे सात आठवडे उरले होते. सरांनी चार वाजता फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्या मुलाला उत्तर सांगितलं नव्हतं आणि कुणाकडे मागितलंही नव्हतं. रेवतीने खुणेचा प्रश्न विचारला: सहावीच्या सहामाहीला किती?

“साडेनव्याण्णव. समासात क्रमांक नव्हते,” सर म्हणाले, आणि मग एका दमात म्हणाले, की आकडा वाचून दाखवतो, लिहून घे, काढून दे.

 मग रेवतीचा आवाज आला, तो तिने परक्या माणसांसाठी राखून ठेवलेला होता. आमच्या वडिलांचा आवाज चांगला जमलाय, ती म्हणाली, पण हा प्रश्न आता नावालाच उरलाय, साडेनव्याण्णव माझ्या पत्रांतून सगळ्या जगाने वाचलंय. कायद्याची माणसं असे फोन करून आमच्यासारख्यांना अडकवतात, तेही मला माहीत आहे. “आणि तुमच्या माहितीसाठी सांगते. आमचे बाबा हे कधीच मागणार नाहीत. जीव गेला तरी.”

सरांना आपण आपणच आहोत हे सिद्ध करता येईना. त्यांनी लहानपणीच्या दोन-तीन गोष्टी सांगून पाहिल्या. त्याही पत्रांत होत्या. ती फोन ठेवणार हे लक्षात आल्यावर त्यांनी घाईने, सुचेल तसं, सकाळचं सगळं सांगून टाकलं. एकतीस ओळी, पट्टीने आखलेला समास, सहाशे सत्तर, एकशे बहात्तर, अवयव तीन, प्रकरण निकाली.

पलीकडे एक चमत्कारिक आवाज झाला. रेवती हसत होती. हसता हसता तो आवाज बदलला.

“हे दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही,” ती शेवटी म्हणाली. “बाबाच आहात.”

“मग घे लिहून.”

“मी तिथे नाहीये, बाबा.”

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. वडिलांनी ‘कधीच नाही’ म्हटल्यावर ती आठ दिवस त्या यंत्राशेजारी बसली. रोज कुणाच्या ना कुणाच्या संख्येसाठी ते तीन सेकंद चालायचं, आणि ती प्रत्येक वेळी एक, दोन, तीन मोजायची. नवव्या दिवशी तिने बदली मागितली आणि परवाना परत केला. आता ती इमारतीच्या थंड पाण्याच्या नळ्यांची देखभाल बघत होती, तीन मजले खाली. त्या खोलीच्या दाराला आता तिचा हात चालत नव्हता. तिथे जी माणसं होती त्यांना हे विचारणं म्हणजे त्यांची सात वर्षं मागणं, आणि ते तिने एकाला विचारून पाहिलं होतं, मागच्याच महिन्यात, वडिलांच्या परवानगीशिवाय. तो तेव्हापासून तिच्याशी बोलत नव्हता.

“तुम्ही तेव्हा हो म्हणाला असतात तर,” ती म्हणाली, आणि वाक्य पुरं केलं नाही.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. एवढंच म्हणाले. सुटीत यायचं का असं तिने विचारलं. सरांनी ये म्हटलं, आणि गारठ्यात काम आहे तर स्वेटर घालत जा असंही सांगितलं.

फोन ठेवल्यावर ते टेबलाशी बसले. समोर फुलस्केप वही होती, तिसरी. शेवटच्या पानावर एकशे सत्तावीसचा भागाकार पुरा झालेला होता, दोन्ही बाक्या जुळत होत्या. कुमुदताई समोर येऊन बसल्या. सरांना वाटलं, आता हे सांगून टाकलेलं बरं.

ते म्हणाले, की हे कुलूप करणारी माणसं मूर्ख नसतात. ती अवयव निवडतात तेच तीन-तीनशे अंकी. त्यात सात नसतो, तेरा नसतो, एकशे सत्तावीस नसतो. आपण रोज जे करत होतो, त्यातून काही निघणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणखी हजार वर्षं बसलो तरी निघणार नाही.

कुमुदताईंनी वहीचं पान उलटलं, पट्टी घेतली आणि नवा समास आखला.

“मला नव्हतं का माहीत?” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं तोच धडा ऐकतेय आतून.”

 बाहेर अजून ऊन होतं. सरांनी उठून पडदे ओढले आणि परत येऊन बसले. छातीतला ठोका नेहमीच्या चालीने पडत होता.

“पुढची कुठली?” कुमुदताईंनी विचारलं.

“एकशे एकतीस.”

“बरं. आधी माझ्या पेन्सिलीला टोक काढून द्या.”